ओळखीचा कागद आणि मताचा हक्क
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला चार शब्द बोलायला सांगितले. आम्ही सूतगिरणीतला कामगार माणूस. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात, युनियनच्या बैठकीत आणि बाबासाहेबांच्या ग्रंथांत झाले. तेव्हा विद्वानांसारखे बोलणे आमच्याकडून होणार नाही. पण आज ज्या विषयावर चहाच्या टपरीपासून सुप्रीम कोर्टापर्यंत वाद चालला आहे, तो विषय आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घराचा आहे. मत द्यायला गेल्यावर तुमची ओळख काय, कागद काय, हे विचारावे की नाही? विचारले तर कोणता कागद मागावा? आणि तो कागद ज्याच्याकडे नाही त्याचे काय करायचे?

काहीजण म्हणतात, कागदाशिवाय कुणालाही आत सोडू नका, बोगस मतदान फार झाले. काहीजण म्हणतात, कागद मागणे म्हणजे गरिबाला बाहेर ठेवण्याचा डाव आहे. आपण बुद्धाच्या विचाराची माणसे. कुणी मोठ्याने सांगितले म्हणून खरे मानायचे नाही, तपासून घ्यायचे. म्हणून आज हा विषय तपासूनच घेऊ.

सुरुवात आपल्या साताऱ्यापासून करू. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले. भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरचा क्रमांक १९१४. ते रजिस्टर आजही जपून ठेवलेले आहे आणि ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आता विचार करा, बंधूंनो. रजिस्टरातली ती एक ओळ लिहिलीच गेली नसती तर? मुलगा तोच, बुद्धी तीच, पण वर्गाचे दार बंद राहिले असते. यादीत नाव असणे ही गोष्ट किती मोठी असते, हे आपल्या समाजाला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही.

मताचेही तसेच होते. आज आपण सहज म्हणतो, "मत काय, सगळ्यांनाच आहे." पण इंग्रजांच्या काळी ते सगळ्यांना नव्हते. जमिनीचा सारा भरणारा, कर भरणारा, मालमत्तेचा धनी, शिकलेला, अशांनाच मत. गावकुसाबाहेरच्या माणसाकडे ना जमीन, ना शाळा. म्हणजे मताच्या दारावर जो कागद मागत होते, तो आपल्याला मिळूच नये अशी व्यवस्था समाजाने आधीच करून ठेवली होती! जानेवारी १९१९ मध्ये बाबासाहेबांनी साउथबरो कमिटीपुढे साक्ष दिली. वय अठ्ठावीससुद्धा पुरे नव्हते. अस्पृश्यांसाठी मताची अट खाली आणा आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांना निवडू द्या, असे त्यांनी तिथे मांडले. १९२८ साली सायमन कमिशनपुढे तर त्यांनी सरळ प्रौढ मताधिकार मागितला. माणूस वयात आला की त्याला मत, दुसरी अट नको.

ही मागणी राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमात उतरली. आधी वय एकवीस होते, १९८९ पासून अठरा झाले. त्या कलमात जमीन नाही, शिक्षण नाही, कर नाही. नागरिक आहे, वय भरले आहे आणि कायद्याने ठरवलेली अपात्रता नाही, म्हणजे तो मतदार. मजूर आणि मालक दोघांच्या मताची किंमत एक. आजच्या सगळ्या वादात हे कलम आपली दोरी आहे. ती हातातून सोडायची नाही.

आता दुसरी बाजू बघू. कारण ओळख विचारणे हे मुळातच वाईट, असे आमचे मत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी लहानपणी आम्ही डोळ्यांनी बघितले आहे. आमची आई आणि वस्तीतल्या आयाबाया सकाळचा स्वयंपाक उरकून, बरे लुगडे नेसून मतदानाला जायच्या. केंद्रावर कुणीतरी सांगायचे, "म्हातारे, तुझं मत पडलंय, जा घरी." कुणी टाकले? कसे टाकले? विचारायची सोय नव्हती. गावात राहायचे, त्यांच्याच रानात कामाला जायचे, मग तोंड उघडणार कोण? बायका मुकाट्याने परत यायच्या. बाबासाहेबांनी मिळवून दिलेले मत दुसऱ्याच्या बोटाने पडत होते. तेव्हा बोगस मतदान थांबवा असे कुणी म्हटले की आम्हाला राग येत नाही. बोगस मताने सर्वांत आधी आपलेच मत चोरले होते.

फोटोच्या ओळखपत्राची कल्पना जुनी आहे. १९६० साली कलकत्त्यातल्या एका लोकसभा मतदारसंघात त्याचा प्रयोग झाला. दहा महिने खटपट केली, तरी दर आठ मतदारांतल्या तिघांना कार्ड देता आले नाही. पुष्कळ स्त्रिया परपुरुषाकडून फोटो काढून घ्यायला तयार नव्हत्या. प्रयोग गुंडाळला. पुढे १९९३ साली मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी सगळ्या मतदारांना फोटोचे कार्ड द्या, असा आदेश काढला. कार्डे झाली नाहीत तर निवडणुकाच घेणार नाही, इथपर्यंत ते गेले. मामला सुप्रीम कोर्टात गेला आणि कार्ड नाही म्हणून निवडणूक अडवायची नाही, असे ठरले. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कार्ड महत्त्वाचे खरे, पण मत त्याच्याहून महत्त्वाचे.

त्या काळी शाळेच्या व्हरांड्यात फोटो काढायला लागलेल्या रांगा तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असतील. कार्ड हातात आले आणि हसावे की रडावे कळेना. कुणाच्या नावापुढे दुसऱ्याचा फोटो, कुणी बाई असून पुरुष, कुणाचे वय वडिलांपेक्षा जास्त! तरीही आपल्या वस्तीने ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपले. "तुझं मत पडलंय" म्हणणाऱ्यापुढे ठेवायला पहिल्यांदाच हातात काहीतरी आले होते. त्या कार्डाने आपल्याला बळ दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग वाद कशाचा? तो आम्ही आमच्या गिरणीच्या भाषेत सांगतो.

गिरणीच्या गेटवर वॉचमन बिल्ला बघायचा. बिल्ल्याशिवाय आत सोडत नसे. त्यात कुणा कामगाराला अपमान वाटला नाही. कारण बिल्ला गिरणीनेच दिलेला होता, फुकट. आणि एखाद्या दिवशी तो घरी राहिला तर टाइम ऑफिसात मस्टर उघडायचे, नाव बघायचे, जॉबर सांगायचा, "आपलाच माणूस आहे," आणि पाळी सुरू व्हायची. खरी गोष्ट मस्टरवरचे नाव. बिल्ला ही त्याची खूण. पण उद्या गेटवर कुणी म्हणाले, "बिल्ला चालणार नाही, तुझ्या बापाच्या बिल्ल्याचा पुरावा आण, नाहीतर मस्टरवरून नाव काढतो," तर? मग ती ओळख विचारणे राहिले नाही. ती छाटणी झाली.

आजच्या कायद्यातही असेच आहे. मतदार यादी हे मस्टर आणि कार्ड हा बिल्ला. कार्ड खिशात आहे पण यादीत नाव नाही, तर मत देता येत नाही. यादीत नाव आहे आणि कार्ड सापडत नाही, तर निवडणूक आयोगाने दुसरे कागद चालतील असे ठरवून दिलेले आहे. २०२४ च्या निवडणुकीत असे बारा कागद होते. आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन, पासपोर्ट, रोजगार हमीचे जॉब कार्ड, बँकेचे किंवा पोस्टाचे फोटोचे पासबुक, पेन्शनचा फोटो असलेला कागद, अपंगांचे ओळखपत्र वगैरे. म्हणजे "कार्ड नाही, जा घरी," असे कुणी म्हटले तर ऐकून परत यायचे नाही.

आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकले असेल तर? तरीही परत यायचे नाही. तुमची ओळख पटली की केंद्राध्यक्षाने तुम्हाला प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे टेंडर्ड व्होट, दिली पाहिजे. ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. एरवी ती मोजत नाहीत, पण प्रकरण कोर्टात गेले तर चोरीचा पुरावा म्हणून उभी राहते. समोरचा माणूस बोगस आहे असा संशय आला तर उमेदवाराचा प्रतिनिधी दोन रुपये भरून आक्षेप घेऊ शकतो. आमच्या आईला हे कुणी सांगितले नव्हते. तुम्ही मात्र आपल्या आयाबहिणींना सांगा.

आता प्रश्न येतो, कागद नसलेली माणसे कोण? आळशी? घुसखोर? चला, आपल्याच मुलखात बघू.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. नदीकाठच्या वस्त्यांत लोकांनी पोरेबाळे उचलली आणि जीव वाचवला. ट्रंकेतले कागद ट्रंकेतच राहिले. पाणी उतरल्यावर रेशनकार्डाचा लगदा आणि दाखल्यांचा चिखल हाती आला. आणि २१ ऑक्टोबरला विधानसभेचे मतदान होते. अडीच महिन्यांत घर उभे करायचे की कागद गोळा करायचे? २०२१ साली पुन्हा पूर आला. नदीला कळत नाही कोण मतदार आहे ते.

ऊसतोडीची माणसे बघा. बीडकडची, आणि आपल्याच जत-आटपाडीकडची. गळिताचा हंगाम लागला की कोयता घेऊन निघायचे, चार-सहा महिने उसाच्या फडात खोपटात काढायचे. यादी तपासणारा कर्मचारी दारात आला तर दाराला कुलूप. शेजारी सांगतो, "ते इथं नसतात." शेरा पडतो, स्थलांतरित. कोयनेच्या धरणात गावे गेलेल्या लोकांनाही विचारा, मूळ गाव पाण्याखाली असताना जुना कागद कुठून आणायचा ते.

आणि आपल्या बायका! पहिल्या निवडणुकीच्या वेळची, म्हणजे १९५१-५२ ची, एक हकीकत सांगण्यासारखी आहे. त्या वेळी देशात सतरा कोटींवर मतदार होते. याद्या करताना उत्तरेकडच्या काही राज्यांत पुष्कळ स्त्रियांनी आपले नावच सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले, स्वतःचे नाव पाहिजे. मुदत वाढवून दिली, तरी जवळजवळ २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. स्त्रीला तिच्या स्वतःच्या नावाने ओळखायचे, हे सेनसाहेबांचे तत्त्व बरोबरच होते. पण तत्त्व बरोबर असूनही लाखो बाया बाहेर राहिल्या, हेही तितकेच खरे. आज आपल्याकडे काय चित्र आहे? शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, एका कागदावर नावापुढे ‘बाई’ आहे, दुसऱ्यावर नाही. आमच्या एका सोबत्याला फंडाच्या पैशासाठी एका अक्षराच्या फरकाने महिनोन्महिने हेलपाटे घालावे लागले. फंड उशिराने का होईना, मिळतो. मतदानाचा दिवस गेला की गेला.

जातीचा दाखला काढताना आपण काय भोगतो हे वेगळे सांगायला नको. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा. मग आज्याचे नाव शोधायला तालुक्याला जायचे, कोतवाल बुकाची पाने उलटायची, अर्धी पाने वाळवीने खाल्लेली. आजा शाळेत गेला असता तर दाखला मिळाला असता. पण शाळेनेच त्याला आत घेतले नव्हते! ज्यांनी आपल्याला कागदापासून लांब ठेवले, त्यांच्याच व्यवस्थेने पुढे कागद मागायचा, याचा अनुभव आपल्याला आहे. म्हणूनच या वादात आपल्याला बोलायचा अधिकार इतरांहून थोडा जास्त आहे.

आता बिहारमध्ये काय झाले ते बघू. जून २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने तिथे मतदार यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण जाहीर केले. ज्यांचे नाव २००३ च्या यादीत होते त्यांना दुसरा कागद लागत नव्हता. बाकीच्यांना अकरा कागदांपैकी एक दाखवायचा, आणि ज्यांचा जन्म जुलै १९८७ नंतरचा त्यांना आईचा किंवा वडिलांचाही, काहींना दोघांचाही पुरावा द्यायचा होता. त्या अकरा कागदांत आधार नव्हते, रेशनकार्ड नव्हते आणि आयोगाने स्वतः दिलेले मतदार कार्डसुद्धा नव्हते! १ ऑगस्टला कच्ची यादी आली. ७ कोटी ८९ लाखांतून सुमारे ६५ लाख नावे बाहेर. आयोगाचे म्हणणे असे की, यातले पुष्कळ मयत, पुष्कळ कायमचे बाहेर गेलेले, काहींची नावे दोन ठिकाणी. विरोधकांचे म्हणणे असे की, जिवंत आणि हक्काची माणसेही यात गेली.

आमच्या गिरणीत कार्डिंग खाते आहे. तिथे कापसातली काडी-कचरा काढतात. मशीनचे सेटिंग ढिले राहिले तर कचरा पुढे जातो आणि सूत तुटते. सेटिंग फार आवळले तर कचऱ्याबरोबर चांगला तंतूही वेस्टमध्ये जातो. म्हणून जाणता मास्तर नुसते सूत बघत नाही. तो खालचे वेस्ट मुठीत घेऊन पिंजून बघतो, यात चांगला माल किती गेला ते. यादी साफ करायला आमचा विरोध नाही. मेलेल्याचे नाव राहिले तर त्याच्या नावाने जिवंत माणूस चोरी करतो. पण वेस्ट तपासल्याशिवाय साफसफाई पुरी झाली असे कसे म्हणायचे?

सुप्रीम कोर्टाने १४ ऑगस्ट २०२५ ला हेच करायला लावले. वगळलेल्या ६५ लाखांची नावे कारणासह जाहीर करा, असे सांगितले. ८ सप्टेंबरला सांगितले की आधार हा बारावा कागद म्हणून घ्या. तो ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही, हेही स्पष्ट केले. ३० सप्टेंबरची शेवटची यादी ७ कोटी ४२ लाखांची झाली. बोलले, दाद मागितली, म्हणून वगळलेल्यांची यादी उघड झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यासह बारा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत दुसरा टप्पा जाहीर झाला. या दोन्ही टप्प्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणून आपण निर्धास्त बसायचे काय? पाळी आपली आल्यावर आजोबांची नावे शोधायला निघायचे काय?

आपल्या महाराष्ट्रातही वाद झालाच. २०२४ साली लोकसभेनंतर विधानसभेपर्यंत यादीत सुमारे ४० लाख नावे वाढली. विरोधकांनी आरोप केले, आयोगाने सगळे नियमाने झाले असे सांगितले. पुढे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांच्या वेळी राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन फुल्या मारल्या. म्हणजे यादीत घोळ असतो हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. कुणी म्हणतो नावे जास्त आली, कुणी म्हणतो हक्काची गेली. आणि दोन्हीही एकाच वेळी खरे असू शकते.

बाहेरच्या देशांतही हा प्रश्न आहे. ब्रिटनने २०२३ पासून मतदानाला फोटोचे ओळखपत्र सक्तीचे केले. ज्याच्याकडे नाही त्याला सरकार फुकट देते. तरीही त्या वर्षीच्या इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकीत सुमारे चौदा हजार माणसे ओळखपत्राअभावी मत न देता परत गेली. अमेरिकेत तर गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेकडच्या काही राज्यांनी काळ्या लोकांसाठी वाचता येण्याच्या परीक्षा आणि मतासाठी कर लावले. गोऱ्यांना त्यातून सोडवायला एक युक्ती काढली. ज्याच्या आजोबाला पूर्वी मत होते, त्याला परीक्षा माफ! काळ्यांचे आजोबा गुलाम होते, त्यांना मत कुठले? ही आजोबांची अट तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९१५ साली रद्द केली. त्या वर्षी आपले बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. आमचे म्हणणे असे नाही की बिहार म्हणजे ती अमेरिका. पण माणसाचे मत जेव्हा त्याच्या आईबापाच्या कागदावर टांगले जाते, तेव्हा ज्यांच्या आईबापांना कागदच मिळाला नाही त्यांनी सावध राहावे, एवढे मात्र निश्चित.

आपल्या देशातही कायदा आपल्या बाजूने बोललेला आहे. मुंबई आणि दिल्लीतल्या झोपडपट्ट्यांतल्या मतदारांना नागरिकत्व सिद्ध करा म्हणून नोटिसा गेल्या होत्या. त्यावर १९९५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की, ज्याचे नाव यादीत आधीपासून आहे त्याचे नाव नुसत्या संशयावर काढता येणार नाही. त्याला नोटीस द्या, त्याचे म्हणणे ऐका, त्याच्याकडे जो पुरावा असेल तो बघा, मग ठरवा. लालबाबू हुसेन यांचा खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. ओळख विचारा, जरूर विचारा. पण जो विचारतो त्यानेच ती ओळख घरपोच आणि फुकट दिली पाहिजे. कागद हरवला, भिजला, अक्षर चुकले, तर माणूस बाद होता कामा नये. आणि नाव काढायचे असेल तर काढणाऱ्याने कारण सांगितले पाहिजे, माणसाने ‘मी आहे’ म्हणून सिद्ध करत फिरायचे नाही.

इतके सरकारला सांगितले. आता स्वतःलाही काही सांगू. भिक्खुसंघात मतभेद झाला की शलाका, म्हणजे लाकडाच्या काड्या, वाटून मत घेत. घटना समितीतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी संघाच्या या पद्धतीचा अभिमानाने उल्लेख केला होता. त्या शलाका गोळा करणारा भिक्खू कसा असावा, याचाही विनयात नियम आहे. तो लोभाने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वाकडा न जाणारा असावा, आणि कोणती शलाका घेतली, कोणती नाही, हे त्याला बिनचूक कळावे. निवडणूक अधिकाऱ्याची कसोटी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवली आहे!

पण शलाका टाकणाऱ्यालाही शील आहे. आपण रोज पंचशील म्हणतो. न दिलेले घ्यायचे नाही. दुसऱ्याच्या नावावर मत टाकणे म्हणजे न दिलेले घेणे. खोटे बोलायचे नाही. खोट्या पत्त्यावर नाव लावणे म्हणजे खोटे बोलणे. आपल्यातही काही घरांत नाव गावी आणि सांगलीत, काहींचे गावी आणि मुंबईत. "दोन्हीकडं असू द्या, काय बिघडतं?" असे म्हणतात. कायद्याने एकच ठिकाण चालते, आणि खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे. शिवाय उद्या दुबार म्हणून छाटणी झाली तर दोन्हीकडचे नाव जायचे. आणि पाचशेच्या नोटेला मत विकणाऱ्याला तर कोणतेच कार्ड वाचवू शकत नाही. ज्याने मतच विकले, त्याची चोरी कोण कशाला करील?

म्हणून या वर्धापनदिनी आम्ही समितीपुढे एक मागणी ठेवतो. वर्षातून दोन पौर्णिमांना वंदना झाल्यावर याच विहारात आपल्या वस्तीची मतदार यादी मोठ्याने वाचावी, गिरणीत मस्टर वाचतात तशी. ज्याचे नाव आले त्याने हात वर करावा. ज्याचे आले नाही त्याचा फॉर्म त्याच दिवशी भरावा. नवीन नावाला नमुना सहा. पत्ता बदलला, सून लग्न होऊन आली, अक्षर चुकले, फोटो चुकला, तर नमुना आठ. घरातले माणूस मयत झाले तर त्याचे नाव आपणच नमुना सात भरून काढावे, म्हणजे आपल्या बापाच्या नावाने दुसरा कुणी मत टाकणार नाही. आपल्या नावावर कुणी नमुना सात भरला आणि नोटीस आली तर एकट्याने घाबरून बसू नये, नोटीस घेऊन विहारात यावे. दहा जण बरोबर जाऊ.

आता वर्षातून चार तारखांना नाव नोंदता येते. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची एक तारीख. पोरे सतरा पुरी झाली की आगाऊ अर्ज करू शकतात. चौकशीला १९५० हा फोन क्रमांक आहे. हे काम आमच्यासारख्या चष्मेवाल्यांनी करण्यापेक्षा मोबाइलवर सराईत बोटे चालवणाऱ्या पोरापोरींनी करावे. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या घरांची यादी महिला मंडळाने ठेवावी आणि तपासनीस आला की सांगावे, "ही माणसं इथलीच आहेत, कामाला गेली आहेत." आणि प्रत्येक घराने जन्माचा, शाळेचा, लग्नाचा, जातीचा असे सगळे कागद एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवावेत. पुराच्या मुलखात राहतो आपण.

बंधूंनो, भगिनींनो, बाबासाहेबांनी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कमिटीपुढे उभे राहून जे मागितले, ते मिळायला एकतीस वर्षे लागली. त्यांनी घटनेत लिहून ठेवलेल्या हक्काची राखण आता तुमच्या-आमच्याकडे आहे, आणि ती यादीतले एकेक नाव वाचूनच होणार आहे. पहिली यादी आम्ही आणलेली आहे. कार्यक्रम संपल्यावर ज्यांना वेळ असेल त्यांनी चहा घेऊन थांबावे, आपण इथूनच सुरुवात करू.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम! जय संविधान!